पावनखिंडीच्या वाटेवर टेम्पो कशाला?

जुलै 1660 मधील पावसाळी रात्री शिवराय पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले. त्या वाटेने दर पावसाळ्यात शाळकरी मुले पावनखिंडीपर्यंत चालत जातात. सुमारे 50 किलोमीटरची ही दोन दिवसांची पदभ्रमंती सोपी नव्हे. मसाई पठारावर धुके उतरले की दहा पावलांपुढचा सोबती दिसत नाही. पुढे चिखल, भरलेले ओढे, जळवा आणि मुक्कामाला एखाद्या वाडीतील पडवी.

यंदा आमच्या परिचयातील एका शाळेने ही मोहीम रद्द केली. कारण पालकांचा विरोध. मुलांच्या पिशव्या टेम्पोतून न्याव्यात, असेही कुणी सुचविले होते म्हणे! बांदलांच्या मावळ्यांनी जिथे पालखी खांद्यावर वाहिली, तिथे आपल्या मुलाला स्वतःचा डबा जड व्हावा?

मात्र पालकांचे भय अगदीच निराधार नाही. शेकडोंचा जथा, शिक्षक चार, वाटाड्या नाही आणि घोषणा अखंड, अशाही मोहिमा मी पाहिल्या आहेत. वीरश्रीने ओढ्याचे पाणी ओसरत नाही. राज्य शासनाने 2021 साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले आहे. आयोजकाची नोंदणी, प्रशिक्षित प्रमुख, प्रथमोपचार यांची चौकशी पालकांनी जरूर करावी. पाणी चढल्यास प्रमुखाने मागे फिरावे, आणि शाळेने त्याला भित्रा ठरवू नये.

मुले चालतात. मागे एकदा आठवीतील एक मुलगी, टाचेला फोड आलेले असताना, मैत्रिणीचीही पिशवी घेऊन पांढरपाण्याला पोहोचली. आई गाडी घेऊन उभी होती. मुलगी गाडीत बसली नाही.