पणजीचं कडं

त्रिनिदादमधल्या काही भारतीय घरांत चांदीचं एक जाडजूड कडं जपून ठेवलेलं असतं. तिथे त्याला ‘बेरा’ म्हणतात. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ जहाजातून पहिले भारतीय मजूर उसाच्या मळ्यांवर राबायला तिथे उतरले. १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक आले. बायकाही मजुरी करत. हाती आलेली चांदीची नाणी सोनाराकडून वितळवून त्या कडी घडवून घेत. तीच त्यांची बँक! अडीनडीला एखादं मोडायचं, उरलेलं लेकीसुनेला द्यायचं. आज बहुतेक पणतवंडांना पणजीची भोजपुरी बोलता येत नाही. पण कडं घरात उरलं आहे, म्हणजे अडचणीतही कुणीतरी ते मोडलं नव्हतं, एवढं त्यांना नक्की कळतं.