पांढरपेशांचे काळे हात

आपल्या मध्यमवर्गांत काळ्या पैशाची लाज बाळगणारे थोडे. काळ्या हातांची लाज मात्र सर्वांना वाटते.

हें विधान कठोर वाटेल, म्हणून त्यास कारण काय घडलें तें आधीं सांगतों. गेल्या वर्षीं एका रविवारीं सकाळीं मी आमच्या इमारतीच्या आवारांत गाडीचें बॉनेट उघडून, बाह्या सरसावून उभा होतों. हात मनगटापर्यंत काळे झाले होते. इतक्यांत वरच्या मजल्यावरील एक सन्मान्य गृहस्थ खालीं आले. सेवानिवृत्त अधिकारी, बहुश्रुत, स्वभावानें अत्यंत सज्जन. ते क्षणभर थांबले आणि हलक्या आवाजांत म्हणाले, "काय हो प्रोफेसर, एवढी ओढाताण चालली आहे का? मेकॅनिकला बोलवा ना! पैशांचें मागाहून पाहतां येईल." त्यांच्या हेतूविषयीं मला तिळमात्र शंका नाहीं. माझें भांडण आहे तें त्यांच्या बोलण्यांत गृहीत धरलेल्या गोष्टीशीं. सुशिक्षित मनुष्य स्वतःच्या गाडीला हात लावतो, तेव्हां तो एक तर दरिद्री असला पाहिजे, नाहीं तर विक्षिप्त. तिसरी शक्यता आपल्या वर्गाच्या कल्पनेंतच बसत नाहीं.

याचें मूळ शोधावयास फार दूर जावयास नको. ज्याला शास्त्र ठाऊक त्यानें हत्याराला शिवावयाचें नाहीं, आणि ज्याच्या हातीं हत्यार त्याला शास्त्र शिकूं द्यावयाचें नाहीं, अशी भिंत आपण शतकानुशतकें सांभाळली. इंग्रजी शिक्षणानें ती पडेल अशी आपल्या पूर्वजांची अपेक्षा होती. प्रत्यक्षांत त्या भिंतीला पदवीचा गिलावा तेवढा मिळाला. अपवाद झाले नाहींत असें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं मुंबईची मास्तरकी सोडून बेळगांवीं सायकलींचें दुकान चालविलें, पुढें लोखंडी नांगर घडविले आणि १९१० सालीं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. १९३७ सालीं वर्धा येथील शिक्षण-परिषदेंत महात्माजींनीं हातांच्या उद्योगांतूनच शिक्षण द्यावें असें सांगितलें. हें सारें आपण जयंतीच्या व्याख्यानांत मोठ्या गौरवानें सांगतों, आणि घरीं मुलानें पाना हातांत धरला कीं म्हणतों, "टाक तो, हात धू आणि अभ्यासाला बस!"

आम्हां प्राध्यापकांची तर तऱ्हाच निराळी. १९७४ सालीं रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाचें मोटारसायकलच्या निगराणींतून तत्त्वज्ञान सांगणारें पुस्तक प्रसिद्ध झालें. माझ्या पिढीच्या अनेक विद्वानांच्या कपाटांत तें मानानें विराजमान आहे. त्यावर तासभर बोलणारे मला भेटले आहेत. पण स्वतःच्या दुचाकीचा स्पार्क प्लग कोणत्या पान्यानें निघतो हें सांगणारा त्यांत एकही भेटला नाहीं. यंत्राचें तत्त्वज्ञान आम्हांला चालतें. यंत्राचें तेल तेवढें चालत नाहीं!

आतां त्या रविवारीं मी काय करीत होतों तें सांगणें प्राप्त आहे. माझी चार सिलिंडरांची पेट्रोल गाडी उभ्याउभ्या थरथरूं लागली होती, चढावर दम टाकूं लागली होती, आणि समोरच्या फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला होता. दुरुस्ती-केंद्रांत गेलों, तेव्हां तेथील टापटिपीच्या तरुणानें चारही इग्निशन कॉइली, चारही प्लग आणि "वेळ पडल्यास इंजेक्टर" बदलण्याचें अंदाजपत्रक हातीं ठेविलें. बिघाड नेमका कशांत आहे, असें मीं विचारलें. तो म्हणाला, "सर, सगळें बदललें कीं जाईलच." या उत्तरांत खोटें कांहींच नव्हतें, परंतु रोग्याचे सर्व अवयव बदलले तर रोग जाईल, असें सांगणाऱ्या वैद्याला आपण वैद्य म्हणूं काय?

मी घरीं परतलों आणि तीन रविवार अपयशाचे गेले, हें प्रांजळपणें कबूल करतों. पहिल्या रविवारीं केवळ तर्कानें सारे प्लग बदलले. थरथर तशीच राहिली. दुसऱ्या रविवारीं एका जोडणीची प्लॅस्टिकची खिट्टी, वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें ठिसूळ झालेली, माझ्या बोटांत तुटून आली; आणि दहा नंबरचा एक बोल्ट इंजिनाखालच्या आवरणांत पडून अदृश्य झाला. तिसऱ्या रविवारीं एक गंजका बोल्ट काढतांना मीं सारा जोर लावला, पाना निसटला आणि बोटांची साल निघाली.

आमच्या पेठेंत एक वृद्ध मिस्त्री आहेत. लहानथोर त्यांना चाचा म्हणतात. हात बांधून त्यांच्याकडे गेलों. ते हंसले नाहींत. म्हणाले, "सर, जोर नका लावूं, वेळ लावा. तेल सोडा, चहा प्या, मग या. आणि आधीं जरासा आवळा, मग सैल करा." गंजानें धरलेला बोल्ट एकदम उलटा ओढला तर तुटतो; केसभर आवळून गंजाची पकड मोडली आणि मग पुढेंमागें करीत राहिलें, तर तो आपण होऊन वाट देतो. नवा बोल्ट बसवितांना पहिले दोनतीन आटे बोटांनींच फिरवावे, पाना मागाहून लावावा, म्हणजे आटे वांकडे बसून कायमचे बिघडत नाहींत, हेंही त्यांनींच शिकविलें. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकास एवढा उपयुक्त धडा बऱ्याच वर्षांत कोणी दिला नव्हता.

चौथ्या रविवारीं मीं अखेर तें केलें जें प्रथमच करावयास हवें होतें. आजच्या गाड्यांत चालकाच्या गुडघ्यांजवळ सोळा टोंकांचें एक सॉकेट असतें. त्यांत अंगठ्याएवढें एक उपकरण खोंचलें म्हणजे गाडीच्या संगणकानें नोंदलेला दोष-संकेत मोबाइलवर वाचतां येतो. माझ्या गाडीनें सांगितलें: पी ०३०३. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरांत ज्वलन चुकत आहे. कां चुकत आहे, हें मात्र यंत्र सांगत नाहीं. तेथपासून पुढें मनुष्याची बुद्धि लागते. मीं तिसरी कॉइल काढून दुसऱ्या सिलिंडरवर बसविली, दुसरीची तिसऱ्यावर. बाकी कशालाही हात लावला नाहीं. संकेत पुसला, गाडी फिरवून आणली आणि पुन्हां वाचलें. आतां संकेत होता पी ०३०२. दोष सिलिंडर सोडून कॉइलबरोबर चालत गेला होता! एक नवी कॉइल बसविली, थरथर थांबली, दिवा विझला. चार कॉइली आणि 'वेळ पडल्यास इंजेक्टर' यांऐवजीं एक कॉइल.

जॉन स्टुअर्ट मिल यानें १८४३ सालीं आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत सांगितलेली व्यतिरेकाची पद्धति मी पंचवीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहें. इतर सर्व परिस्थिति तीच ठेवून एकच गोष्ट बदलावी व परिणाम पहावा, हें सूत्र मुलें पाठ करतात, परीक्षेंत लिहितात आणि विसरतात. तें सूत्र खरें आहे, हें मला स्वतःला प्रथम त्या सकाळीं कळलें. परिसंवादांत चुकलेलें मत चार अवतरणांच्या टेकूनें उभें करतां येतें. चुकीच्या बाजूला फिरविलेला बोल्ट कोणाची पदवी पाहून सैल होत नाहीं. सत्याशीं इतका निरुपाय होऊन वागण्याचे प्रसंग आमच्या व्यवसायांत फार थोडे येतात.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप श्रमविभागाचा: ज्याचें काम त्यानें करावें. येथें ॲडम स्मिथचें नांव हटकून निघतें. टांचणीच्या कारखान्याचा त्याचा दाखला सर्वांस पाठ असतो. परंतु १७७६ च्या त्याच ग्रंथाच्या पांचव्या भागांत, ज्याचा जन्म दोनचार ठराविक क्रिया करण्यांत जातो त्याची बुद्धि मंद होत जाते, असेंही त्यानेंच बजावलें आहे, हें आपण सोयीस्करपणें विसरतों. स्मिथच्या डोळ्यांपुढें कारखान्यांतला मजूर होता. दिवसभर पडद्यावरील अक्षरें सरकविणारा आपला वर्ग त्या वर्णनांतून सुटतो, अशी कोणाची समजूत असेल तर ती त्यानें पुन्हां तपासावी.

दुसरा आक्षेप वेळेचा. "तुमच्या एका तासाची किंमत काय, याचा विचार करा," असें एका स्नेह्यांनीं मला सुनावलें. रविवार सकाळचा माझा तास विकत घेण्यास कोणीही रांगेंत उभें नाहीं, हें प्रथम नम्रपणें नमूद करतों. शिवाय हाच हिशेब लावावयाचा तर स्वतःच्या मुलाला सायकल शिकवूं नये, घरीं पुरणपोळी करूं नये, अंगणांत तुळस लावूं नये. सर्व गोष्टी बाजारांत स्वस्त मिळतात. जें जें विकत मिळतें तें तें स्वतः करणें हा तोटा, असें मानणारा मनुष्य अखेर केवळ गिऱ्हाईक म्हणून उरतो.

तिसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो मला मान्य आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं जो शिरतो तो शूर नव्हे, मूर्ख होय. खालीं भक्कम स्टँड हवेच. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. ब्रेकचें काम जाणत्याच्या देखरेखीखालीं शिकल्यावांचून करूं नये. एअरबॅगच्या आणि विजेवरील गाड्यांतील नारिंगी वेष्टनाच्या उच्च दाबाच्या तारांच्या वाटेला हौशी माणसानें जाऊंच नये. परंतु या मर्यादा कोण ओळखतो? ज्यानें बॉनेट उघडून पाहिलें आहे तोच. ज्याला सारेंच गूढ, त्याला धोका कोठें आहे आणि कोठें नाहीं, हेंही गूढच राहतें.

चौथा आक्षेप भूतदयेचा: आपण स्वतः दुरुस्ती केली तर गरीब मिस्त्र्याच्या पोटावर पाय येईल. ही करुणा मला संशयास्पद वाटते. कारण ती दाखविणारे बहुधा आपली गाडी वातानुकूलित केंद्रांतच नेत असतात. चाचांच्या पोटावर पाय येत आहे तो माझ्या पान्यामुळें नव्हे. कित्येक नव्या गाड्यांत नुसता सुटा भाग बदलून भागत नाहीं. तो भाग गाडीच्या संगणकास ओळखवून द्यावा लागतो, आणि ती किल्ली उत्पादकाच्या हातीं असते. २०११ सालीं एका ग्राहकानें भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली, ती याच प्रकारची होती: सुटे भाग, दोषनिदानाचीं साधनें आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या मिस्त्र्यांना मिळूं दिली जात नाहीं. ऑगस्ट २०१४ मध्यें आयोगानें १४ मोटार-उत्पादकांना दोषी ठरवून एकंदर सुमारें २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तें प्रकरण पुढें अपिलांत गेलें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनीं २०१२ सालीं मोठ्या बहुमतानें मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा उचलून धरला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेंही जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काची चौकट आंखण्यासाठीं समिती नेमली, आणि शेतीचीं अवजारें, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तु व मोटारी हीं चार क्षेत्रें विचारांत घेतलीं. हा लढा चाचांच्या वतीनें कोणी लढावयाचा? ज्याला लिहितां येतें, अर्ज करतां येतो, कायदा वाचतां येतो, त्या वर्गानें. परंतु ज्या वर्गानें आयुष्यांत कधीं बॉनेट उघडलें नाहीं, त्याला तें कुलूपबंद झाल्याचें समजणार कसें?

माझें म्हणणें एवढेंच आहे. प्रत्येकानें इंजिन उतरवावें असा माझा आग्रह नाहीं. अवघड काम चाचांनींच करावें आणि त्यांना त्याचा पुरा मोबदला व आदर मिळावा. परंतु स्वतःच्या वस्तूचा एअर फिल्टर कोठें आहे, तेल किती आहे, बॅटरीचा कोणता बोल्ट आधीं सोडावा, हें ठाऊक नसण्यांत प्रतिष्ठा आहे, ही समजूत आपण टाकून दिली पाहिजे. ज्या वस्तूच्या पोटांत आपल्याला डोकावतां येत नाहीं, किंवा डोकावण्याची लाज वाटते, ती वस्तु आपल्या मालकीची नव्हे. आपण तिचे हप्ते भरणारे तेवढे.

त्या वरच्या मजल्यावरील गृहस्थांची हकीकत सांगून संपवितों. थंडीच्या दिवसांत एका सकाळीं त्यांची गाडी सुरूच होईना. बॅटरीच्या टोंकांवर पांढरट हिरवी बुरशी चढल्यासारखी दिसत होती. मीं पाना त्यांच्याच हातीं दिला. उणे चिन्हाची तार आधीं काढावी आणि शेवटीं लावावी. कारण गाडीचें सारें अंग त्या टोंकास जोडलेलें असतें, आणि उलट केल्यास पान्याचा स्पर्श पत्र्याला होऊन ठिणगी उडते, हें सांगितलें. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानें त्यांनीं तीं टोंकें स्वतः धुतलीं, पुसलीं, आवळलीं. गाडी पहिल्या फेऱ्यांतच सुरू झाली. त्यांनीं वर सज्जाकडे पाहून पत्नीस हांक मारली, "अहो ऐकलंत का, मीं केली सुरू!" आणि आपले काळे झालेले हात पुसावयाचें ते बराच वेळ विसरून गेले.