एका पेटींत दोन बिऱ्हाडें

एकत्र कुटुंबांत वाटणीचा शब्द निघाला कीं वडील मंडळींचे चेहरे उतरतात. २०२५ च्या दिवाळींत मेहकर येथील आमच्या घरीं तो निघाला खरा. परंतु वाटणी व्हावयाची होती ती वाड्याची नव्हे, शेताचीहि नव्हे, तर माजघराशेजारच्या खोलींतील संगणकाची. पुष्कळ वाचकांच्या घरीं हाच प्रश्न उभा असेल, म्हणून ही हकीकत.

विंडोज १० ची नित्याची देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व बराच अलीकडचा प्रोसेसर लागतो. आमचा संगणक २०१४ सालचा; धडधाकट, पण नव्या घरांत प्रवेश नाहीं. पुण्यास शिकणाऱ्या पुतण्याचें म्हणणें असें कीं, विंडोज पुसून उबुंटू हें लिनक्सचें मोफत रूप घालावें. थोरले बंधू वकील. त्यांचे वीस वर्षांचे दावे, कैफियती व नोटिसा श्रीलिपींत टंकलेल्या आहेत; तो मजकूर युनिकोडमधील नसल्यामुळें दुसरीकडे उघडला तर अक्षरांच्या जागीं भलतींच चिन्हें उमटतात. दोघांचेंहि म्हणणें खरें होतें. तेव्हां एकाच डिस्कचे भाग पाडून दोन्ही बिऱ्हाडें नांदवावींत असें ठरलें. जुन्या विंडोजला मात्र इंटरनेट जोडूं नये, अशी अट बंधूंनींच घातली. त्यांच्या कैफियती इतक्या आटोपशीर क्वचितच असतात.

ही युक्ति नवी नाहीं. आयबीएमनें १९८३ सालीं १० मेगाबाइटच्या डिस्कसह एक्सटी हा संगणक काढला, तेव्हांच डिस्कच्या अगदीं आरंभीं एक तक्ता ठेवून त्यांत चार भागांची नोंद करण्याची सोय झाली होती. हल्लींच्या जीपीटी तक्त्यांत १२८ नोंदी मावतात. हा तक्ता म्हणजे डिस्कचा सात-बाराच: कोणता भाग कोठून कोठपर्यंत व कोणाच्या वहिवाटीचा. जमीन जागच्या जागीं असते, पण उतारा बिघडला कीं मालकास आपलें शेत सांपडत नाहीं.

आणि त्या जमिनीवर दुसऱ्यानें नांगर घातला तर? येथें आमची जुनी चूक कबूल केली पाहिजे. २०१९ सालीं घरांतील एका लॅपटॉपवर हाच उद्योग आम्हीं स्वतः केला. त्या वेळीं पडद्यावर दोन पर्याय आले: विंडोजच्या शेजारीं जागा करून घेणें, किंवा सबंध डिस्क पुसून नव्यानें मांडणें. आम्हीं घाईनें दुसरा दाबला. त्यांत मातोश्रींच्या शेवटच्या दिवाळीचीं छायाचित्रें गेलीं, आणि वहिनींनीं त्यांच्या तोंडून उतरवून घेतलेलें जात्यावरच्या ओव्यांचें ध्वनिमुद्रण गेलें. दुसरी प्रत नव्हती. वहिनींनीं आम्हांस बोल लावला नाहीं. "भाऊजी, जाऊं द्या," एवढेंच म्हणाल्या. त्यांनीं चार शब्द सुनावले असते तर बरें झालें असतें.

म्हणून या खेपेस पहिला सबंध दिवस प्रती काढण्यांत गेला. सर्व कागद बाहेरच्या डिस्कवर उतरविले, आणि ती डिस्क दुसऱ्या यंत्रास जोडून त्यांतील पांचपन्नास उघडूनहि पाहिले. पुतण्यास हा वेळेचा अपव्यय वाटला. वाटो बापडा. ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकरचें कुलूप आहे, त्यांनीं त्याची ४८ अंकी किल्ली आधीं वहींत लिहून ठेवावी.

दुसऱ्या दिवशीं पहाटे काम धरलें. दुपारच्या विजेचा आम्हांस भरंवसा नाहीं, आणि भाग लहान-मोठे होत असतां वीज जातां कामा नये; इन्व्हर्टर जोडलेला होताच. विंडोजचा भाग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटकडून आकसवून घेतला. उबुंटूस २५ गिगाबाइट पुरतात असें म्हणतात. आम्हीं १०० दिले. विंडोजची 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद केली, कारण तिच्यामुळें विंडोज पुरतें न मिटतां अर्धवट निजतें व शेजाऱ्यानें त्याच्या सामानास हात लावला तर घोटाळा होतो. पुढचें काम तासाभराचें. ज्यांच्या घरीं असा पुतण्या नाहीं त्यांनीं आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' अवश्य पाहावेत. लिनक्सवरील पाठ मराठींतहि आहेत.

आतां यंत्र सुरू केलें कीं कोणत्या बिऱ्हाडीं जावयाचें तें आधीं विचारलें जातें. लिनक्सला विंडोजच्या खोल्या दिसतात; विंडोजला लिनक्सच्या आपणहून दिसत नाहींत. म्हणून घरचीं छायाचित्रें विंडोजच्या बाजूस ठेवलीं आहेत.

तिसऱ्या दिवशीं बंधूंनीं विंडोज उघडलें तों घड्याळ साडेपांच तास मागें! यंत्रांतील घड्याळ विंडोज स्थानिक वेळेवर धरतें, लिनक्स जागतिक प्रमाणवेळेवर. मधला फरक आमच्या कपाळीं आला. लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्याची आज्ञा दिली तेव्हां बंधूंचा संशय फिटला.

वहिनींनीं उबुंटूंतील मराठी कळफलक महिनाभरांत हातवळणीं आणला. मातोश्रींच्या ओव्यांपैकीं आठवतील तितक्या त्या टंकून काढीत आहेत. आजवर एकवीस झाल्या. त्या फाइलीची प्रत दर शनिवारीं बाहेरच्या डिस्कवर जाते. तें काम आमच्याकडे आहे.