सुधारलेला खेळ, परतलेला ग्राहक

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, हा व्यवहारातील जुना अनुभव आहे. ज्या दुकानात एकदा सडका माल पदरात पडला, त्या दुकानाची पायरी ग्राहक सहसा पुन्हा चढत नाही. या सर्वसाधारण नियमाला ठळक अपवाद ठरावे असे एक उदाहरण जपानमधील एका संगणकीय खेळाने घालून दिले आहे. ‘फायनल फँटसी चौदा’ हा खेळ ३० सप्टेंबर २०१० रोजी बाजारात आला तेव्हा टीकाकारांनी आणि खेळाडूंनी त्याची यथेच्छ निर्भर्त्सना केली. तोच खेळ तीन वर्षांनी नव्या रूपात आला, आणि पाठ फिरवून गेलेले खेळाडू पुन्हा वर्गणी भरून त्यात परतले. खेळाचा विषय म्हणून हे प्रकरण पोरासोरांचे समजून बाजूला सारण्याचा मोह अनेकांना होईल. परंतु बिघडलेली वस्तू विकून बसलेल्या उत्पादकाने काय करावे, आणि ती घेऊन पस्तावलेल्या ग्राहकाने त्याच्याकडे पुन्हा केव्हा जावे, हा प्रश्न मात्र पोरासोरांचा नाही.

या खेळाचे स्वरूप प्रथम समजून घेतले पाहिजे. पत्त्यांचा वा बुद्धिबळाचा डाव संपतो. हा संपत नाही. हजारो माणसे आपापल्या घरातील संगणकावरून एकाच कल्पित प्रदेशात एकाच वेळी वावरतात, टोळ्या करून लढतात, सुतारकाम-लोहारकाम शिकतात, वस्तू बनवून एकमेकांस विकतात. त्यासाठी प्रथम खेळाची किंमत आणि पुढे दरमहा वर्गणी द्यावी लागते. म्हणजे ग्राहक येथे वस्तू विकत घेतो असे म्हणण्यापेक्षा एखाद्या वाचनालयाचा वा क्लबाचा सभासद होतो, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. आणि सभासदच नसतील तर क्लबाची इमारत कितीही देखणी असली तरी तिचा उपयोग शून्य.

२०१० च्या खेळातील इमारत खरोखरच देखणी होती. दोष होता तो रचनेत. साधी कृती करण्यासाठीही एकामागून एक याद्या उघडाव्या लागत. विस्तीर्ण प्रदेशात तेच तेच डोंगर आणि त्याच त्याच वाटा पुन्हापुन्हा भेटत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष लक्ष द्यावे असा दोष तेथील बाजाराचा होता. खेळाडूंनी आपला माल भाडोत्री सेवकांकरवी विकावयाचा, आणि घेणाऱ्याने त्या सेवकांच्या गर्दीत फिरून एकेकाची झोळी तपासावयाची, अशी व्यवस्था आरंभी होती. कोणती वस्तू कोणाकडे, काय भावाने आहे हे एका ठिकाणी कळण्याची सोयच नव्हती. भावाची माहिती मिळवण्यासही खर्च येतो, आणि तो फार वाढला की बाजार खुंटतो, हा सिद्धांत जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ मध्ये मांडला होता. या कल्पित नगरीत तो प्रत्येक संध्याकाळी नव्याने सिद्ध होत होता.

पुढे या खेळाची सूत्रे हाती घेणारे नाओकी योशिदा यांनी अपयशाची जी मीमांसा जाहीरपणे केली, ती मननीय आहे. चित्रणाच्या सौंदर्याचा अतिरेकी हव्यास, हे त्यांनी दिलेले एक कारण. एका कुंडीच्या चित्रणावर एका संपूर्ण पात्राइतकी सामग्री खर्ची पडली होती. परिणामी पडद्यावर एका वेळी थोडीच माणसे दिसू शकत. दुर्मीळ साधनांची इतकी चुकीची विभागणी पाठ्यपुस्तकातही क्वचितच सापडेल. या प्रकारच्या समकालीन खेळांचे अपुरे ज्ञान, हे दुसरे कारण. आणि तिसरे सर्वांत महत्त्वाचे : काही बिघडलेच तर विक्रीनंतर दुरुस्त करता येईल, ही निर्मात्यांची मनोवृत्ती.

या अपयशानंतर कंपनीपुढे दोन सोपे मार्ग होते. एक म्हणजे खेळ गुपचूप बंद करणे. दुसरा म्हणजे किरकोळ डागडुजी करून वर्गणी वसूल करीत राहणे. स्क्वेअर एनिक्स या कंपनीने दोन्ही टाळले. डिसेंबर २०१० मध्ये अध्यक्ष योईची वादा यांनी जाहीर क्षमायाचना केली, निर्माते हिरोमिची तानाका यांनी पद सोडले आणि त्या जागी योशिदा आले. खेळ समाधानकारक होईपर्यंत वर्गणी घेतली जाणार नाही, असे ठरले. ती वर्गणी प्रत्यक्षात सुरू झाली जानेवारी २०१२ मध्ये. म्हणजे सव्वा वर्ष कंपनीने हा खेळ फुकट चालवला. त्या काळात दोन कामे समांतर चालली : जुन्या घराची दुरुस्ती, आणि शेजारी नव्या घराचा पाया. योशिदा खेळाडूंना वेळोवेळी पत्रे लिहून काय झाले, काय राहिले याचा हिशेब देत राहिले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी जुना खेळ बंद झाला, तोही आकाशातून एक उपग्रह कोसळून ते कल्पित जग उद्ध्वस्त होते अशा कथेसह. अपयश झाकण्याऐवजी ते त्या जगाच्या इतिहासाचाच भाग बनवण्यात आले. २७ ऑगस्ट २०१३ रोजी नवा खेळ सुरू झाला.

खेळाडू का परतले, या प्रश्नाचे उत्तर केवळ ‘माल सुधारला म्हणून’ असे देणे अपुरे आहे. माल सुधारला हे दाराबाहेरच्या माणसास कळावे कसे? जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विकणाऱ्यास मालाचा दर्जा ठाऊक आहे आणि घेणाऱ्यास नाही, अशा स्थितीत घेणारा चांगल्या मालालाही वाईट मालाचाच भाव देऊ करतो. एकदा फसलेला उत्पादक तर या शंकेच्या दुप्पट छायेत असतो. त्यात या धंद्याची आणखी एक अडचण. इतर लोक असतील तरच खेळात अर्थ, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या परतण्याची वाट पाहतो, आणि सर्वच वाट पाहत राहिले तर कोणीच परतत नाही. ही कोंडी जाहिरातीने फुटत नाही. विक्रेत्याने स्वतःच्या खिशाला चाट लावून घेतली तरच फुटते. सव्वा वर्षाची माफ केलेली वर्गणी हा असा पुरावा होता. बोलणे फुकट असते. पैसे सोडणे फुकट नसते.

याच वर्षी, १९७० मध्ये, अल्बर्ट हर्शमन यांचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. संस्था घसरू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणे किंवा आवाज उठवणे, आणि निष्ठा असली तर माणूस जाण्याआधी बोलून पाहतो, असा त्याचा आशय. नायजेरियातील रेल्वेला मालमोटारींची स्पर्धा असूनही ती का सुधारत नाही, या निरीक्षणातून हा विचार त्यांना सुचला : ज्यांनी तक्रार करून रेल्वेला जागे करावयाचे, तेच आधी मालमोटारींकडे वळले होते. जपानी खेळात नेमके उलट घडले. बहुसंख्य गेले, पण मूठभर निष्ठावंत मोडक्या घरात राहिले आणि बोलत राहिले. कंपनीने ते ऐकले. जुन्या खेळासाठी ठरावीक काळ वर्गणी भरणाऱ्यांना नव्या खेळात कायम सवलतीची वर्गणी मिळाली, आणि श्रेयनामावलीत त्यांची नावेही घालण्यात आली. निष्ठेला कृतज्ञतेचे शब्द पुष्कळ मिळतात. हिशेबाच्या वहीत जागा क्वचितच मिळते.

विश्वासाची खरी कसोटी मात्र अपयशात नव्हे तर यशात लागते. ऑगस्ट २०१३ मध्ये इतकी गर्दी लोटली की सर्व्हर अपुरे पडले. तेव्हा कंपनीने काही काळ खेळाची डिजिटल विक्रीच थांबवली. डिसेंबर २०२१ मध्ये नवा भाग आला असता तोच प्रसंग पुन्हा ओढवला. त्याही वेळी विक्री बंद करण्यात आली, ती २५ जानेवारी २०२२ पर्यंत उघडली नाही, आणि रांगेत ताटकळलेल्या सभासदांना २१ दिवसांचा खेळ विनामूल्य देण्यात आला. दाराशी गिऱ्हाईक उभे असताना आपलाच गल्ला झाकणारा दुकानदार विरळा. २०१० चा धडा या कंपनीला खरोखर पचला होता, याचे याहून बोलके प्रमाण नाही.

तथापि येथेच सावध झाले पाहिजे. यशस्वी पुनरागमनाच्या कथा रंगवून सांगितल्या जातात. न परतलेल्यांच्या कथा कोणी सांगत नाही. ‘अँथेम’ हा खेळ २०१९ मध्ये आला व फसला. त्याच्या पुनर्रचनेचे काम हाती घेऊन फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडून देण्यात आले. ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबर रोजी बंद झाला. तेथे निदान ग्राहकांचे पैसे परत मिळाले. उलट ‘नो मॅन्स स्काय’ या ब्रिटिश खेळाच्या छोट्या चमूने २०१६ मधील निराशेनंतर वर्षानुवर्षे विनामूल्य भर घातली, आणि जो सहखेळ आरंभी अपेक्षित होता तो जुलै २०१८ मध्ये पूर्ण स्वरूपात दिला. अशी उदाहरणे वंदनीय आहेत. पण त्यांच्यामुळे एक घातक समजूत रूढ होते आहे. आज अर्धे विका, उद्या पूर्ण करा. ग्राहक शेवटी क्षमा करतोच, ही ती समजूत.

या समजुतीचा हिशेब मांडून पाहावा. अपुऱ्या मालाची पुरी किंमत पहिल्या दिवशी मोजणारा ग्राहक वस्तुतः उत्पादकाला बिनव्याजी, बिनतारण कर्ज देत असतो. दुरुस्ती झालीच, तर तिचे फळ बहुधा दोन वर्षांनी कमी भावात येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला मिळते. दुरुस्ती झाली नाही, तर कर्ज बुडीत. धोका एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, अशी ही विभागणी आहे. म्हणून क्षमेचा गौरव करताना कायद्याचा विसर पडता कामा नये. ‘फॉलआउट ७६’ या २०१८ च्या खेळाच्या संदर्भात ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने हस्तक्षेप केला, आणि परतावा नाकारलेल्या खरेदीदारांना तो देण्याचे कंपनीने २०१९ मध्ये मान्य केले. हा खेळही पुढे सुधारला. परंतु पुढची सुधारणा ही मागच्या देण्याची फेड होत नाही, हे तत्त्व तेथे अधोरेखित झाले. भारतातही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ई-वाणिज्याच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा समावेश केला आहे. संगणकावरून उतरवून घेतलेली वस्तू म्हणजे हवेतील वस्तू नव्हे, ही जाणीव ग्राहकाला आता असावयास हवी.

मग परतावे की न परतावे? पूर्वी घातलेले पैसे हे परतण्याचे कारण होऊ शकत नाही. ते बुडाले ते बुडाले. पूर्वीचा राग हेही न परतण्याचे पुरेसे कारण नाही, कारण रागाने ते पैसे वसूल होत नाहीत. विचारावयाचे प्रश्न तीनच : सुधारणा आज समोर आहे की अजून आश्वासनातच आहे? चुकीची किंमत विकणाऱ्याने काही अंशी तरी स्वतः भरली काय? आणि पुन्हा अडचण आली तेव्हा त्याने आधी गल्ला सांभाळला की ग्राहक? या तीन प्रश्नांना जेथे समाधानकारक उत्तरे मिळतात, तेथे पुन्हा पायरी चढण्यात कमीपणा नाही. हे प्रश्न न विचारताच जो परततो, तो मात्र उद्याच्या अपुऱ्या मालाची आगाऊ मागणी नोंदवून येतो.