आधी ब्रेक, मग दोरी

दिवाळीची सुट्टी संपवून कोकणातली मंडळी हॉस्टेलवर परतली, की मेसमध्ये आठवडाभर एकच विषय चालतो. कुणी किती किलोची सुरमई पाहिली, कुणाच्या काकांच्या होडीला कुपा लागला आणि तोडून गेला, वगैरे वगैरे. (विदर्भ-मराठवाड्यातल्या मित्रांसाठी : कुपा किंवा गेदर म्हणजे आपल्याकडचा ट्यूना. तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी.) मग कुणीतरी विचारतं, खोल समुद्रातल्या मोठ्या ट्यूनाला तंगूस कसला लावायचा? उत्तर ठरलेलं. "जाड लाव रे!"

मला हे उत्तर मुळातच चुकीचं वाटतं. मेकॅनिकलवाल्यांना तर ते अजिबात शोभत नाही. ट्यूनासाठी सामान निवडताना पहिला प्रश्न दोरीचा नसतोच. पहिला प्रश्न ब्रेकचा.

बघा, हा मासा म्हणजे जवळजवळ सगळा स्नायू. बहुतेक माशांचं रक्त भोवतालच्या पाण्याइतकंच थंड असतं, पण ट्यूना स्नायूंतली उष्णता शरीरात राखून ठेवतो. इंजिन कायम गरम! गळ लागला की पहिल्याच धावेत तो शंभर-दोनशे मीटर दोरी सहज खेचून नेतो. त्याला जागच्या जागी थांबवायला गेलात तर दोरी, गळ, काठी किंवा तुमचं बोट यांपैकी काहीतरी तुटणार. म्हणजे दोरी जाऊ द्यायची, पण फुकट नाही, ठरावीक ओढ सोसूनच. रीळमधल्या घर्षणाच्या चकत्या नेमकं हेच करतात. इंग्रजीत त्याला ड्रॅग म्हणतात. आपण टॉमच्या ओरलला रटून जातो तो डिस्क क्लच, दुसरं काही नाही.

हे शहाणपण लोकांना बोटं मोडून आलं. कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर १८९८ साली चार्ल्स होल्डर या गृहस्थाने काठी आणि रीळ वापरून १८३ पौंडांचा, म्हणजे ८३ किलोचा ब्लूफिन ट्यूना काढला आणि त्याच वर्षी तिथे ट्यूना क्लब स्थापन झाला. त्या काळच्या रीळांची मूठ थेट चक्रीलाच जोडलेली असे. मासा पळाला की मूठ पंख्यासारखी उलटी फिरायची आणि बोटांची पेरं फोडायची. ब्रेक म्हणजे काय, तर अंगठ्याने दाबायचा चामड्याचा तुकडा. पुढे याच क्लबच्या विल्यम बॉशनच्या कल्पनेवरून मूठ स्थिर ठेवून चक्री घसरू देणारं रीळ बनलं आणि त्यावर त्याने १९१३ मध्ये तलवार मासा काढला. दोरी तेव्हा लिननचीच होती, बरं का. बदलला तो ब्रेक.

आता आकडे घ्या. जाणकार सांगतात, ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा. ३६ किलोची दोरी असेल तर साधारण १० किलो. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढी भित्री फॅक्टर ऑफ सेफ्टी कशाला? पण भरलेल्या चक्रीचा व्यास १० सेंटीमीटर धरा. मासा दोरी नेतो, व्यास ५ वर येतो. ब्रेकचा टॉर्क तोच, त्रिज्या निम्मी, म्हणजे दोरीवरची ओढ झाली २० किलो! तुम्ही काहीही न करता. त्यात काठीच्या कड्यांचं घर्षण मिळवा आणि पाण्यातून फरफटणाऱ्या शेकडो मीटर दोरीचा विरोधही. दुसऱ्या बाजूने गाठीमुळे ३६ ची दोरी २७-२८ वर आलेली असते. आता सांगा, उरलं किती? म्हणून मासा लांब पळाला की ड्रॅग सैल करायचा असतो. घाबरून लोक नेमकं तेव्हाच आवळतात. आणि 'जाड लाव' चा तोटाही इथेच दिसतो. जाड दोरी त्याच चक्रीवर कमी मावते, लवकर संपते, व्यास लवकर घटतो.

यावर उपाय म्हणून हल्ली खाली वेणीसारखी विणलेली पॉलिथिलीनची दोरी भरतात. तिला ब्रेड म्हणतात, मेसच्या नाश्त्यातला नव्हे. तेवढ्याच ताकदीला ती नायलॉनपेक्षा बरीच बारीक असते, त्यामुळे भरपूर मावते. पण ती ताणत नाही आणि गुळगुळीत असल्याने चक्रीवरच गरगर घसरते. म्हणून तळाला नायलॉनचे काही वेढे द्यायचे आणि माशाच्या बाजूला पन्नासेक मीटर नायलॉन जोडायचं, म्हणजे झटका खायला थोडी लवचीकता राहते. शेवटचा दीड-दोन मीटरचा तुकडा, ज्याला लीडर म्हणतात, तो फ्लुरोकार्बनचा. त्याचा अपवर्तनांक १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. ट्यूनाची नजर तीक्ष्ण असल्याने एवढ्या फरकानेही फरक पडतो. गाठ आवळताना ओली करायची, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने तिथेच दोरी कमजोर होते. गळ गोलाईचा, टोक आत वळलेलं असा घ्या. तो जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, घशात जात नाही. मात्र त्याला हिसका मारायचा नसतो, दोरी नुसती ताणू द्यायची.

काठीबद्दल एवढंच, की लांब काठी माशाच्या फायद्याची. टोकावर १० किलो आणि कंबरेपासून आडवं अंतर दीड मीटर, म्हणजे सुमारे १५० न्यूटन-मीटरचा मोमेंट तुमच्या पाठीवर. उभं राहून झुंजणारे साडेपाच-सहा फुटी काठी घेतात ते उगीच नाही.

इथे काही शौकीन म्हणतील, बारीक दोरीवर मोठा मासा दमवण्यातच तर खरी मजा! हलक्या दोरीचे वेगळे विक्रमही नोंदले जातात. मला हे पटत नाही. तीन तास झुंजवलेला मासा मरणाच्या दारात असतो, मग सोडून दिला तरी काय उपयोग? आणि विकायचा असेल तर नुकसान सरळ खिशाचं आहे. हवाई बेटांवर हिलोच्या बाजूला 'इका-शिबी' नावाची पद्धत आहे. रात्री लहान होड्यांतून, माकुलाचं आमिष लावून, हातदोरीने ट्यूना धरतात. तिथल्या मंडळींना एक डोकेदुखी चांगली ठाऊक आहे. मासा झुंजीत तापला, अंगात आम्ल साचलं, की मांस फिकट, मऊ, पाणचट होतं. जपानीत त्याला 'याके' म्हणतात, म्हणजे भाजलेलं. कच्चा खाण्याच्या बाजारात असल्या मांसाचा भाव पडतो. म्हणजे ब्रेक असा हवा, की दोरीही तुटणार नाही आणि मासाही लवकर वर येईल.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो. आमच्याकडे गरीवर मासा धरणाऱ्यांचा ब्रेक म्हणजे त्यांचा तळवा. बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले मी पाहिलेत, आणि त्याखालचे चरेही. त्यांचा तंगूस जाड असतो तो माशासाठी नव्हे, हात कापू नये म्हणून! दोन गतींचं परदेशी रीळ घ्यायचं तर आपलं वर्षाचं मेसबिल जाईल. ते कोण घेणार?

पण होडीवरचं रीळ हातात धरायचंच नसेल तर ते लहान कशाला हवं? काठावर ३० सेंटीमीटर व्यासाचा लाकडी ड्रम बसवा. दोरी भरल्यावर ३३ झाला तरी रिकामा होताना ओढ फक्त दहा टक्क्यांनी वाढते. वर सांगितलेली दुपटीची भानगड संपलीच. त्याला चामड्याचा किंवा जुन्या बेल्टचा पट्टा-ब्रेक. घर्षणांक ०.३ आणि एक पूर्ण वेढा धरला तर पट्ट्याच्या दोन टोकांच्या ताणांचं गुणोत्तर साडेसहाच्या वर जातं. सूत्र तुम्हाला पाठ आहे, ते कुठे वापरतात हे कुणी सांगितलेलं नसतं एवढंच. काही जण दोरीच खुंट्याला वेढा देऊन सोडतात. त्यात नायलॉन घासून तापतं आणि खुंटा ओला-कोरडा झाला की पकड बदलते. ड्रममध्ये झीज होते ती पट्ट्याची. तो बदलला की झालं.

यावर आमच्या गावचे जुने लोक म्हणतात, "बाबा रे, हातात दोरी असली की मासा काय करतोय ते कळतं." बरोबर आहे. मासा लागेपर्यंत दोरी हातातच असू दे. लागला की सोडून ड्रमवर जाऊ दे. आणि काहीही झालं तरी तळव्याला वेढा घेऊ नका. तो वेढा आयत्या वेळी सुटत नाही.

दरवर्षी फायनल इयरला लाइन फॉलोअर रोबोंची रांग लागते. एकातरी ग्रुपने हा ड्रम घ्यावा असं मला वाटतं. खऱ्या अडचणी आहेतच. खारं पाणी लागल्यावर पट्ट्याचा घर्षणांक किती राहतो? झाकण कसं करायचं? शाफ्ट गंजणार नाही असा, पण परवडणारा, कुठून आणायचा? त्या ओरलला तरी बाहेरच्या परीक्षकांना जांभई येणार नाही. चाचणीला समुद्र लागत नाही. वर्कशॉपच्या जिन्यावरून दहा लिटर पाण्याची बादली दोरीला लटकवायची आणि पट्टा किती आवळल्यावर ती सावकाश खाली उतरते ते बघायचं. तानकाटा फिजिक्स लॅबमध्ये आहे. बादली हॉस्टेलची चालेल, रेक्टर सरांना विचारून.