विषयाला मान्यता, शिक्षकाचे काय?

विद्यापीठांच्या विषयसूचीकडे समाजाचे सहसा लक्ष जात नाही. अर्थसंकल्पावर वाद झडतात, अभ्यास मंडळाच्या बैठकीवर झडत नाहीत. वास्तविक, कोणते ज्ञान पदवीच्या योग्यतेचे मानावयाचे याचा निर्णय या सूचीतच होत असतो. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. थोड्याच वर्षांत मराठीसह देशी भाषा तेथील पदवी परीक्षांतून बाहेर पडल्या आणि त्यांना पुन्हा स्थान मिळावे म्हणून न्या. रानडे यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत झगडावे लागले.

तेव्हा विषयाला सूचीत प्रवेश मिळणे कठीण होते. आज नेमकी उलट स्थिती आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी पदवी अभ्यासक्रमांची नवी रचना ठरवून दिली आणि २०२४-२५ पासून ती संलग्न महाविद्यालयांत आली. मुख्य व दुय्यम विषय, खुले वैकल्पिक विषय, कौशल्यविषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली अशा अनेक गटांत विद्यार्थ्याची सत्रे विभागली गेली. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला इतिहास किंवा मानसशास्त्र शिकता यावे, हा हेतू स्वागतार्हच आहे. प्रश्न हेतूचा नाही, व्यवस्थेचा आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे अभ्यास मंडळ अभ्यासक्रम तयार करते, तो विद्याशाखेकडे जातो आणि विद्यापरिषदेच्या मान्यतेने लागू होतो. या वाटचालीत उद्दिष्टे, घटक, श्रेयांक, गुणविभागणी व संदर्भग्रंथ यांची छाननी होते. तथापि हा विषय कोणत्या महाविद्यालयात, कोण शिकविणार, हा प्रश्न या मान्यतेच्या कक्षेबाहेरच राहतो. अनुदानित महाविद्यालयातील अध्यापकांची पदे मंजूर करणे शासनाच्या हाती असते. विषय एका दालनात मंजूर होतो, पद दुसऱ्या दालनात अडून राहते.

याचा परिणाम साध्या अंकगणितानेही दिसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास अध्यापन करावयाचे असते. तात्त्विक विषयाच्या एका श्रेयांकास सत्रात १५ तास धरले, तर चार श्रेयांकांच्या विषयाला १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याचे चार तास लागतात. म्हणजे एका अध्यापकाकडे चार विषय येतात. तेच विषय दोन-दोन श्रेयांकांचे केले की त्यांची संख्या आठ होते. तासांची बेरीज तीच राहते, तयारीचा भार मात्र दुप्पट होतो. तालुक्याच्या महाविद्यालयात, जेथे एका विभागात एक-दोनच अध्यापक असतात, तेथे सूचीत विषय कितीही असोत, वेळापत्रकात एखादाच उरतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? मग विद्यार्थी विषय निवडत नाही. ज्या अध्यापकाचा कार्यभार अपुरा असेल, त्याचा विषय विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो.

दुसरी बाजू अध्यापकाची आहे. विषयाचे श्रेयांक घटले की कार्यभार घटतो, कार्यभार घटला की पद धोक्यात येते, आणि पहिली कुऱ्हाड तासिका तत्त्वावरील अध्यापकावर पडते. एकेका श्रेयांकासाठी अध्यापक हट्टाने भांडतात याची पुष्कळदा थट्टा होते. पण तो वाद बहुधा ज्ञानाच्या सीमांचा नसून पोटाचा असतो, हे थट्टा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

पदे मिळेपर्यंत थांबावयाचे ठरविले, तर नवा विषय कधीच येणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. म्हणूनच मान्यतेच्या दोन पायऱ्या कराव्यात. विषयाची शैक्षणिक योग्यता विद्यापरिषदेने ठरवावी. तो सुरू करण्याची अनुमती मात्र अध्यापक, ग्रंथ व तास यांची खात्री झाल्यावरच महाविद्यालयास द्यावी. शेजारच्या महाविद्यालयांनी अध्यापक वाटून घेण्याची सोय करावी. अभ्यासक्रम सत्र सुरू होण्यापूर्वी निदान सहा महिने प्रसिद्ध व्हावा. जे विषय तीन वर्षे कोठेच शिकविले गेले नाहीत, त्यांचा फेरविचार व्हावा.

सूची लांबविण्यास खर्च येत नाही. शिक्षक नेमण्यास येतो. तो खर्च टाळून दिलेल्या स्वातंत्र्याची किंमत अखेर विद्यार्थीच मोजतो. गुणपत्रिकेवर विषयाचे नाव येते, पण तो विषय त्याला भेटलेलाच नसतो.