दफ्तर वेगळे, निर्णय वेगळा

आमच्या बीड जिल्ह्यात बीसीए, बीसीएस करणारी मुले-मुली शाळेच्या कामकाजावर प्रोजेक्ट घेतात आणि माहिती विचारायला माझ्याकडे येतात. मी भाषेचा शिक्षक, पण त्यांचे कोड आवडीने पाहतो. बहुतेकांत एकच गोष्ट दिसते. दाखल्याच्या पानात एक एसक्यूएल क्वेरी, निकालाच्या पानात दुसरी, शिष्यवृत्तीच्या पानात तिसरी. ही सवय कॉलेजातच मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या नावांचेच उदाहरण घ्या. मराठवाड्यात 'शेख सलीम शेख करीम' असे नाव लिहायची पद्धत आहे. शेख आधी मुलाच्या नावापुढे, मग पुन्हा वडिलांच्या. ऑनलाइन फॉर्म मात्र नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन रकाने मागतो. समजा, टेबलमधल्या एका रकान्याचे तीन करायचे ठरले. क्वेरी वीस ठिकाणी विखुरलेली असेल तर एकोणीस सापडतात, विसावी राहून जाते. मग दाखल्यावर एक नाव, शिष्यवृत्तीच्या अर्जावर दुसरे. प्रोग्रामरच्या लेखी तो एक बग. मुलाच्या बापाची मात्र चकरा मारण्यात मजुरी बुडते.

शाळेच्या कारभारात याचे उत्तर जुनेच आहे. जनरल रजिस्टर क्लार्ककडे असते. वर्गशिक्षक जन्मतारीख मागतो. रजिस्टर कोणत्या कपाटात आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. क्लार्क नोंद काढून देतो; मूल शिष्यवृत्तीला पात्र आहे का, हे तो ठरवत नाही. कोडचेही असेच असावे. नोंद आणणारा आणि ठेवणारा भाग एका जागी, नियम दुसऱ्या जागी. नियमाने फक्त म्हणावे, या क्रमांकाचा विद्यार्थी द्या. मग रकाने बदलोत की मायएसक्यूएल जाऊन पोस्टग्रेस येवो, दुरुस्ती एकाच जागी. शिवाय चार काल्पनिक विद्यार्थी घेऊन, डेटाबेसला हात न लावता नियम तपासता येतो.

हे काही आजचे शहाणपण नाही. माहिती यंत्रात कशी मांडली आहे, हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरज पडू नये, असा आग्रह आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्येच रिलेशनल मॉडेल मांडताना धरला होता. मार्टिन फाउलर यांच्या २००२ च्या पुस्तकात हीच विभागणी 'रिपॉझिटरी' या नावाने भेटते.

कोणी म्हणेल, साठ मुलांच्या गुणपत्रकाला एवढा थाट कशाला? बरोबर आहे. तिथे दहा फोल्डर नकोत, एक वेगळी फाइल पुरे. उलट हायबरनेटसारखे साधन वापरले म्हणजे काम झाले, असेही नाही. पात्रतेची अट क्वेरीतच दडवली तर घोळ तसाच राहतो.

प्रोजेक्टचे गुण देताना परीक्षकांनी रंगीत स्क्रीन थोड्या कमी पाहाव्यात आणि एक प्रश्न जरूर विचारावा: नावाचा रकाना बदलला, तर किती फाइली उघडाव्या लागतील?